चुण्यांवरील भरतकाम आणि बीडचे तांडे

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि गाळप हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडी परततात. गेवराई, माजलगाव, वडवणी, परळी या भागांतील बंजारा तांड्यांवर पूर्वी अशा मोकळ्या दिवसांत सुईदोरा बाहेर निघत असे. घेरदार फेटिया, आरसे व कवड्या लावलेली कांचळी ही त्या सुईची निर्मिती. आता हा वेश बहुतांशी वृद्ध स्त्रियांच्या अंगावर, अथवा सणसमारंभांत दिसतो. ज्या बोटांना कापडाचे धागे मोजून टाका घालण्याचा सराव आहे, त्यांना शिवणवर्गात केवळ सरळ शिलाई शिकवणे हा त्या कौशल्याचा अपव्ययच म्हणावा लागेल.

या बोटांना सहज साधेल असा एक प्रकार म्हणजे स्मॉकिंग, अर्थात चुण्यांवरील भरतकाम. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमधील शेतमजूर व मेंढपाळ जो सैल अंगरखा घालीत, त्याच्या छातीवर, पाठीवर व बाह्यांवर हे काम असे. त्यामागे शोभेइतकीच सोय होती. इलॅस्टिक उपलब्ध नसताना अंगाबरोबर ताणले जाणारे व पुन्हा आवळणारे वस्त्र यामुळे मिळत असे. कष्टकऱ्यांचा हा पोशाख पुढे श्रीमंतांच्या मुलांच्या झग्यांवर जाऊन बसला, ही गंमत निराळी.

याची रीत अशी. सुती कापड प्रथम धुऊन आटवून घ्यावे. उलट बाजूस सारख्या अंतरावर ठिपक्यांच्या समांतर ओळी आखाव्यात. चौकड्यांचे कापड असल्यास आखणीचे श्रम वाचतात. प्रत्येक ओळीत मजबूत दोऱ्याने धावदोरा घालावा. दोऱ्याच्या एका टोकास गाठ मारावी, दुसरे मोकळे ठेवावे. सर्व मोकळी टोके एकत्र ओढली की कापडाच्या सारख्या, उभ्या चुण्या पडतात. मग सुलट बाजूने चुण्यांच्या केवळ माथ्यावर रंगीत दोऱ्याने टाके घ्यावेत. देठाचा टाका चुण्यांना घट्ट धरतो. लगतच्या दोन-दोन चुण्या आळीपाळीने जोडल्यास मधाच्या पोळ्याप्रमाणे घरे तयार होतात व कापड अधिक ताणते. भरतकाम पुरे झाल्यावर धावदोरे काढून टाकावेत. हे सर्व कपडा जोडण्यापूर्वी करावयाचे असते. शिवून झालेल्या झग्यावर चुण्या घालू पाहणाऱ्या नवशिक्या विद्यार्थिनीची फजिती ठरलेलीच! भरलेल्या भागावरून इस्त्री दाबून फिरवू नये, चुण्या मरतात.

एक अडचण स्पष्ट सांगितली पाहिजे. छातीच्या पट्टीसाठी तयार मापाच्या सुमारे तिप्पट कापड लागते. दुष्काळी तालुक्यातील कुटुंबास हा खर्च जड वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ताणला जाणारा झगा वाढत्या मुलीला अधिक काळ पुरतो. आणि विक्रीसाठी माल करावयाचा तर कापड गटाने एकत्रित घेणे श्रेयस्कर. शेजारच्या कर्नाटकात संडूर येथील लमाणी भरतकामास भौगोलिक निर्देशन मिळाले आहे. तेथील स्त्रियांचे टाके आणि आपल्या तांड्यांवरील टाके एकाच परंपरेतील आहेत. चुण्यांच्या पट्टीत आरसा वा कवडी बसवण्याची कल्पना त्यांना शिकवावी लागणार नाही.

ग्रामपंचायतींनी व शिक्षकांनी वर्गाचे वेळापत्रक तेवढे जपून आखावे. ज्येष्ठ ते भाद्रपद हे महिने सोयीचे. कार्तिकात वर्ग भरवल्यास तांड्यावर बहुधा म्हातारी माणसेच भेटतील.