मोटर चालू, पाणी कुठाय?

चाकणच्या कंपन्यांत पाळी करणाऱ्या अनेकांचं रान अजून भामा-भीमेच्या काठी आहे. जेवणाच्या सुट्टीत फोन उघडला की आधी मोटर बघायची: तिन्ही फेज आहेत का, अँपिअर किती. पूर्वी रात्रीच्या लाइटसाठी बॅटरी घेऊन काठावर जावं लागे; आता पेटीत सिमकार्डाचा मोबाइल स्टार्टर असतो, कॉल केला की मोटर सुरू. मात्र हा स्टार्टर खबर देतो ती विजेची. पाण्याचं काय झालं, ते ज्याचं त्यानं ताडायचं.

खेड तालुक्यातल्या दोन भावांच्या कांद्याच्या रानात हे ताडणं बघायला मिळालं. साडेसात एचपीची मोटर एरवी अकराच्या आसपास अँपिअर घ्यायची, त्या संध्याकाळी आठवर आली होती. धाकटा म्हणाला, “दादा, फूट व्हॉल्व्हनं हवा धरली.” कंपनीतून फोनवर असलेला थोरला म्हणाला, “हवा धरली असती तर आणखी खाली गेली असती. फिल्टर बघ आधी.”

पाणी अडलं की मोटरला जोर पडेल, असं आपल्याला वाटतं. सेंट्रिफ्युगल पंपाचं उलटं असतं. वाट चोंदली की पाणी कमी उचललं जातं, लोड उतरतो. पाइप फुटला तर पाणी मोकाट सुटतं आणि अँपिअर चढतात. म्हणजे आकडा खाली आला म्हणून निर्धास्त राहिलात, तर पीक वाळतं.

सँड फिल्टरच्या अलीकडचा गेज दोनच्या वर होता, पलीकडचा जेमतेम एकवर. हा फरक अर्ध्या किलोच्या पुढे गेला की बॅकवॉश द्यायचा. धाकट्यानं व्हॉल्व्ह फिरवून पाणी उलटं सोडलं. आधी हिरवट, शेवाळाचा वास मारणारं गढूळ पाणी आलं, मग हळूहळू नितळ. गेज जवळ आले, मोटर पुन्हा अकरावर.

मोटर जळते ती बहुधा वेगळ्याच कारणानं. एक फेज गेला की उरलेल्या दोन तारांवर जवळपास पावणेदोनपट करंट चढतो आणि वाइंडिंग भाजतं. त्यासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर असतो. पण तो कमी व्होल्टेजला सारखा ट्रिप होतो म्हणून लोक सरळ ‘डायरेक्ट’ करून टाकतात. माझ्या मते रिवाइंडिंगवाल्याचा धंदा यावरच चालतो. ऑटोस्विचचं तेच. लाइट येताच डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठतात, व्होल्टेज बसतं, फ्यूज उडतो. ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, असं महावितरण सांगून थकलं. आणि स्टार्टरच्या काँटॅक्टरमध्ये चिरडून मोटर अडवणाऱ्या मुंग्या? त्या कुठल्याच मेसेजात येत नाहीत.

फिल्टर झाला, तरी थोरल्याचं समाधान नव्हतं. “टोकाला मोजून सांग.” ताशी चार लिटरचा ड्रिपर मिनिटाला सुमारे 67 मिली द्यायला हवा. धाकट्यानं औषधाचं मापाचं झाकण धरलं: सबमेनजवळ भरलं 65, लॅटरलच्या टोकाला 40. टोकाची कडी काढल्यावर तांबूस पाणी आलं. ड्रिपरच्या तोंडाशी क्षाराची पांढरी कड धरलेली. आता ॲसिड सोडायचं. ते पाण्यात ओतायचं, त्यात पाणी कधीच नाही. लाइनमध्ये मुरवून मग सगळी टोकं उघडून धुवायची. त्याला दोन माणसं लागतात, म्हणून काम थोरल्याच्या सुट्टीवर ढकललं.