मिरची रात्रीपुरती आत

डिसेंबरात यवतमाळचा पारा दहा अंशांकडे घसरू लागला की ओसरीतल्या, गच्चीवरल्या मिरचीच्या कुंड्या उचलून घरात नेण्याचा मोह होतो. स्वेटर घालून बसलेल्या माणसाला बाहेरच्या झाडाची दया येणं साहजिक आहे. त्यात हल्ली मोबाइलवर दिसणारे सल्ले बहुतेक थंड मुलखातले असतात: झाड आत घ्या, खिडकीत ठेवा, वर दिवे लावा. ज्या देशांत ते दिले जातात तिथे ते बरोबरच आहेत. लंडनमध्ये डिसेंबरातला दिवस आठ तासांचाही नसतो आणि बाहेर एकदा दहिवर गोठलं की मिरचीचं झाड सकाळी काळं पडलेलं सापडतं. यवतमाळचा सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांच्या आसपास असतो आणि दुपारी सावलीतला माणूस उन्हात येऊन बसेल एवढंच ऊन असतं. इथे मिरचीला हिवाळ्यात घराची गरज आहे ती काही रात्रींपुरती. सबंध हिवाळा आत काढायला लावणं म्हणजे थंडीतून वाचवून अंधारात मारणं.

अंधार हा शब्द कुणाला जास्तीचा वाटेल, कारण खोली चांगली उजेडाची दिसते. पण आपला डोळा या बाबतीत भरवशाचा साक्षीदार नाही. तो कमी उजेडाशी लगेच जमवून घेतो, पानाला तसं जमत नाही. उघड्यावरच्या दुपारच्या उन्हात प्रकाश लाखभर लक्सच्या घरात असतो, तर खिडकीपासून चार-पाच फूट आत तो हजार-दोन हजारांवर येतो आणि कोपऱ्यात काही शेकड्यांवर. आत ठेवलेलं झाड हा हिशेब पंधरा दिवसांत अंगावर दाखवतं. शेंडा खिडकीकडे वळतो, दोन पेरांमधलं अंतर वाढतं, नवी पानं मोठी पण पातळ आणि फिकट येतात. कळ्या धरतात, मग देठाशी पिवळ्या पडतात आणि बोट लागताच गळतात. अशा झाडाला बाहेरच्याइतकंच पाणी घातलं तर ते पिणार कुठून? माती ओली राहते, मुळं कुजतात आणि झाड माना टाकतं. दोष मात्र थंडीला दिला जातो.

थंडी निर्दोष आहे असं नाही. पंधरा अंशांच्या खाली मिरचीची वाढ मंदावते, परागात दम राहत नाही. त्या दिवसांत धरलेल्या मिरच्या बुटक्या, वाकड्या आणि कमी बियांच्या निघतात. पारा दहाच्या खाली तासन्‌तास राहिला तर पानांना खरी इजा होते. पण सकाळी लोंबलेलं पान ऊन चढल्यावर ताठ झालं, तर ते झाड आजारी समजायचं कारण नाही. शिवाय ही थंडी रात्रीची असते. म्हणून उपायही रात्रीचाच हवा: दिवेलागणीला कुंडी आत, ऊन पडलं की बाहेर. आतही ती थेट गार फरशीवर न ठेवता पाटावर किंवा दुमडलेल्या गोणपाटावर ठेवावी, कारण कुंडीतली मूठभर माती जमिनीपेक्षा फार लवकर गारठते. बाहेरची जागा दक्षिणेची निवडावी. डिसेंबरात भर दुपारचा सूर्यही इथे अर्ध्या आभाळावरच थांबतो, त्यामुळे दक्षिणेच्या ओसरीत ऊन पार भिंतीपर्यंत पोचतं. उचलता न येणारा तेलाचा मोठा पिपा असेल तर तो त्या भिंतीला टेकवून रात्री वरून गोणपाट टाकलं तरी भागतं.

यावर कापसाच्या या जिल्ह्यातून एक आक्षेप हमखास येईल आणि तो वजनदार आहे. फरदड घेऊ नका, हंगाम संपला की पऱ्हाटी उपटा, नाहीतर गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत खाणं मिळतं, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. मग मिरचीचं जुनं झाड राखणं ही फरदडच नाही का? वावरातल्या मिरचीपुरतं हे मान्यच करायला हवं. बोकड्या पसरवणारी पांढरी माशी जुन्या झाडावरून नव्या रोपावर जाते, आणि एकदा विषाणू शिरला की झाड बरं होत नाही. कुंडीतल्या झाडाची पानंही वर वळून बारीक, चुरडलेली येऊ लागली तर माया न करता ते उपटावं. पण निरोगी दोन-चार झाडं, ज्यांचं पानन्‌पान रोज उलटून बघता येतं, त्यांची गोष्ट एकरभर पऱ्हाटीसारखी नाही. उलट कायम घरात कोंडलेल्या झाडावरच मावा आणि कोळी जास्त फोफावतात. तिथे त्यांना धुऊन काढायला पाऊस नाही आणि खायला ढालकिडे नाहीत. आणि खोलीत फवारणार काय? 2017 साली फवारणीतल्या विषबाधेने या जिल्ह्यात 20 च्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, तेही उघड्या शिवारात. पानांची खालची बाजू पाण्याने धुता येईल अशा जागी झाड असणं केव्हाही बरं.

दुसरा आक्षेप खर्चाचा नाही, उपद्व्यापाचा आहे. बाजारात पावशेर मिरची सहज मिळत असताना रोज कुंड्या कशाला हलवायच्या? पोर्तुगीजांमार्फत अमेरिकेतून इथे आलेली मिरची मुळात बहुवर्षायू आहे, आपण तिला हंगामी करून टाकली. बी टाकल्यापासून फूल दिसायला अडीच-तीन महिने लागतात. जगवलेल्या झाडाला मुळांचा आणि जून खोडाचा आधार तयार असतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ते वीतभर ठेवून छाटावं. खोड मेलंय असं वाटलं तर नखाने साल खरवडून बघावी; खाली हिरवं दिसलं तर डोळे फुटायचेच. त्या फुटीला फुलं रोपापेक्षा कितीतरी आधी लागतात, आणि उन्हाळ्याआधी मिळणारे हेच दिवस मोलाचे. कारण पारा पस्तिशीपलीकडे गेला की मिरची पुन्हा फूल टाकते, आणि यवतमाळात तो मे महिन्यात बेचाळिशीच्याही वर जातो. मार्चच्या मध्यालाच कुंडी दक्षिणेच्या भिंतीपासून काढून पूर्वेला न्यावी, सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी घराची सावली पडेल अशी.