मेडल खुंटीला, पाय जिन्यात

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन होते आणि तिचा खरा निकाल सोमवारी सकाळी दादरच्या पुलावर लागतो. जिना चढताना सगळे सारखेच दिसतात. उतरताना मात्र काही माणसं कठडा धरून, खेकड्यासारखी आडवी होऊन एकेक पायरी खाली येतात. मागची गर्दी वैतागते. पलीकडच्या कठड्याला आणखी एक तसाच खेकडा दिसतो. ‘फुल?’ ‘फुल.’ बोलणं तेवढंच.

या सोमवारनंतरच्या महिन्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. ४२.१९५ किलोमीटरच्या तयारीसाठी सोळा-अठरा आठवड्यांचा तक्ता फ्रीजवर चिकटवलेला असतो. शर्यत झाल्यावर परत कसं सुरू करायचं, याचा तक्ता कोणाकडेच नसतो. ती जागा सांगोवांगीच्या गोष्टींनी भरून निघते. त्यातल्या काही निरुपद्रवी असतात. एकदोन मात्र पाय मोडतात.

‘पायात अ‍ॅसिड साचलंय, ते काढायला हवं’

या गैरसमजाला आपल्या भाषेचीही फूस आहे. मराठीत अंग ‘आंबतं’. पाय आंबले म्हटलं की आत काहीतरी आंबट साचलंय असं वाटतंच, आणि त्यावर कोणी ‘लॅक्टिक अ‍ॅसिड’ म्हटलं की शंका घ्यायला जागा राहत नाही.

प्रत्यक्षात धावताना तयार होणारं लॅक्टेट हा कचरा नव्हे. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून जाळतात, आणि धावणं थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातली त्याची पातळी पूर्ववत होते. म्हणजे तुम्ही आझाद मैदानातून बाहेर पडून वडापाव संपवेपर्यंत तो विषय मिटलेला असतो. मग सोमवारी पाय कशाने दुखतात, आणि मंगळवारी त्याहून जास्त का?

थिओडोर हॉ या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच अंदाज बांधला होता की हे उशिरा येणारं दुखणं स्नायूंच्या आतल्या फाटाफुटीचं असावं. आज आपण जवळपास तेच मानतो. स्नायूतंतूंना बारीक इजा होते, मग सूज येते, दुरुस्तीची धावपळ सुरू होते, आणि एक ते तीन दिवसांत दुखणं शिगेला पोचतं. सर्वांत जास्त इजा होते ती स्नायू ताणला जात असतानाच त्याला जोर लावावा लागतो तेव्हा. धावताना प्रत्येक पाऊल जमिनीवर पडतं तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकसारखा काम करतो, आणि मॅरेथॉनमध्ये अशी साधारण चाळीस हजार पावलं पडतात. पेडर रोडच्या चढाला सगळे शिव्या घालतात, पण मांड्यांचा हिशेब होतो तो त्याच्या पलीकडच्या उतारावर. जिना उतरतानाही मांडी तेच ब्रेकचं काम करते, म्हणून सोमवारी चढणं जमतं आणि उतरणं जमत नाही.

तेव्हा मालिश करून घ्यायची असेल तर खुशाल घ्या. बरं वाटतं, दुखणं थोडं कमीही होतं. फक्त मालिशवाला ‘अ‍ॅसिड मोकळं करतोय’ असं म्हणाला तर मान डोलवा आणि सोडून द्या. स्ट्रेचिंगने हे दुखणं जवळजवळ काहीच कमी होत नाही, हे तर बऱ्याच चाचण्यांत दिसलंय. ताज्या इजेला ओढून ताणण्यात तसाही काय अर्थ?

‘दुखायचं थांबलं, आता सुरू करू’

सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज हा. मलाही पडला, म्हणून जरा सविस्तर.

माझ्या पहिल्या फुलनंतर पाचव्या दिवशी मी जिना सरळ उतरले. आठव्या दिवशी पाय हलके वाटत होते, इतके हलके की शर्यतीआधी धावणं कमी करतात त्या टेपरमध्येही नव्हते. दहाव्या दिवशी ग्रुपबरोबर तळजाईच्या टेकडीवर गेले. पुढच्यांचा वेग बघून मीही रेटलं. काहीही दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला, तर टाचेच्या मागच्या शिरेत कोणी खिळा ठोकल्यासारखं झालं. त्या एका सकाळीने पाच आठवडे खाल्ले.

झालं काय, तर मी स्नायूंना विचारलं होतं, त्या शिरेला नाही.

स्नायूला रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे तो दुखतोही लवकर आणि बराही लवकर होतो. टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलीस, तळव्याखालचा पट्टा, नडगीचं हाड ही मंडळी संथ. त्यांच्या दुरुस्तीला आठवडे लागतात, आणि बऱ्याचदा काम अर्धवट असलं तरी ती तक्रार करत नाहीत. आणि स्नायूंचंही काम दुखणं थांबल्यावर संपलेलं नसतंच. १९८० च्या दशकात अमेरिकेत मॅरेथॉन धावलेल्यांच्या पोटरीच्या स्नायूचे बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. आठवडा उलटल्यावरही तंतूंची मोडतोड दिसत होती. त्याच सुमारास आणखी एक प्रयोग झाला. मॅरेथॉननंतर काहींना आठवडाभर पूर्ण विश्रांती दिली, काहींना रोज थोडं हळू धावायला लावलं. पायांची ताकद लवकर परतली ती विश्रांती घेणाऱ्यांची. ‘हळू धावून पाय मोकळे करू’ या लाडक्या कल्पनेला ही चपराकच म्हणायची. ते प्रयोग लहान होते, हेही खरं. तरी पहिल्या आठवड्यात मोकळं व्हायचं असेल तर चाला. सपाट रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं, किंवा पोहायला जा.

सुरू कधी करायचं, यासाठी माझ्या मते घड्याळापेक्षा साध्या चाचण्या बऱ्या. कठडा न धरता, सरळ तोंडाने जिना उतरता येतो का? अर्धा-पाऊण तास झपाझप चालल्यावर कुठे एका बाजूला लंगडल्यासारखं होतं का? एका पायावर लंगडीच्या दहा उड्या मारून बघा, मग दुसऱ्या. दोन्हींत फरक जाणवला तर थांबा. सकाळी उठल्या उठल्या नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त भरत असेल तर तो दिवस चालण्याचा. आणि नडगीवर किंवा पावलाच्या हाडावर बोटाने दाबल्यावर एकाच टिकलीएवढ्या जागी कळ येत असेल, तर लंगडीच्या उड्यासुद्धा नकोत. हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. थेट अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा.

‘दोन आठवडे बसलं की सहा महिन्यांची मेहनत पाण्यात’

ही भीती मला समजते. पहाटे साडेचारला उठून कमावलेली गोष्ट आहे, ती हातातून जाताना बघवत नाही. पण ती एवढी पटकन जात नाही. एडवर्ड कॉइल यांनी १९८४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुरलेल्या खेळाडूंना व्यायाम पूर्ण बंद करायला लावून त्यांनी त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता मोजत ठेवली. पहिल्या तीनेक आठवड्यांत ती सुमारे ७ टक्के घटली. आठ आठवड्यांनी घट १६ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबली. तीन आठवडे काडीही न हलवता सात टक्के! सुरुवातीची घसरण मोठ्या प्रमाणात रक्तातलं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, कमी झाल्यामुळे असते, आणि ते धावायला लागल्यावर काही दिवसांत भरून येतं.

परत आल्यावर पहिल्या दोन-तीन धावांत दम लागतो आणि नाडी वर जाते, त्यात या प्लाझ्माचा वाटा असतो. आपल्याकडे आणखी एक चोर आहे. जानेवारीत शर्यत धावलेला माणूस फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा वेगाला हात घालतो, तोवर उन्हाळा दारात उभा असतो. अंग थंड ठेवण्यात हृदयाचे ठोके खर्च होतात, आणि त्याच वेगाला घड्याळ दहा ठोके जास्त दाखवतं. माणूस म्हणतो, फिटनेस गेला. गेलेली असते ती थंडी.

‘मैलामागे एक दिवस, म्हणजे २६ दिवस लोळायचं’

हा नियम न्यूझीलंडच्या जॅक फॉस्टर यांच्या नावावर सांगितला जातो. हे गृहस्थ तिशी ओलांडल्यावर धावायला लागले आणि १९७४ च्या क्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत, वयाच्या ४१ व्या वर्षी, २ तास ११ मिनिटांत मॅरेथॉन धावून रौप्यपदक घेऊन गेले. शर्यतीतल्या प्रत्येक मैलामागे एक दिवस जोराचं धावायचं नाही, असा त्यांचा हिशेब. मॅरेथॉन २६ मैलांची, म्हणून २६ दिवस. हा अनुभवाचा ठोकताळा आहे, प्रयोगशाळेतला नियम नव्हे. आणि त्यात ‘जोराचं’ हा शब्द महत्त्वाचा. तो गाळला की एकतर माणूस महिनाभर सोफ्यावर राहतो किंवा नियमच हसण्यावारी नेतो.

मी आता करते ते असं. पहिला आठवडा बूट कपाटात, चालणं आणि झोप. दुसऱ्या आठवड्यात, चाचण्या पास झाल्या तर, एक दिवसाआड वीस ते तीस मिनिटं, सपाटीवर, शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत गप्पा मारता येतील इतकं हळू. मध्ये चाललं तरी कमीपणा नाही. तिसऱ्यात चार दिवस, त्यातला एक दिवस पाऊण तासाचा. चौथ्यात हवं तर तासाभराची एक धाव, शेवटी वीस-वीस सेकंदांचे चार-पाच मोकळे झपाटे. टेकडी, इंटरव्हल आणि लाँग रन पाचव्या आठवड्याच्या आधी नाही. ज्यांना धावून पाच-सात वर्षं झालीत त्यांचं हे वेळापत्रक आठवडाभर आधी सरकेल, आणि ज्यांची शेवटचे दहा किलोमीटर पाय ओढत झाली त्यांचं पुढे. वेळ चांगली आली म्हणून इजा कमी झाली, असंही नसतं. बहुतेकदा उलटच.

धावांची नोंद टाकायचं स्ट्रॅवा अ‍ॅप मात्र त्या महिन्यात उघडू नये. नवव्या दिवशी १८ किलोमीटर टाकणारा कोणीतरी प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. तो मार्चमध्ये फिजिओकडे असतो, पण ते स्ट्रॅवावर दिसत नाही.

‘एवढं धावलोय तर तपासण्या करून घेऊ’

करा, पण लगेच नको. मॅरेथॉननंतर रक्तातलं क्रिएटिन कायनेज हे स्नायूंमधलं द्रव्य नेहमीच्या कित्येक पट वाढतं आणि काही दिवस वर राहतं. एसजीओटीही वाढतं, कारण ते यकृताप्रमाणे स्नायूंमध्येही असतं, आणि मग दारूला न शिवणाऱ्या माणसाला ‘लिव्हर बघून घ्या’ असं ऐकावं लागतं. क्रिएटिनिन तात्पुरतं वाढतं. हृदयाच्या इजेसाठी पाहतात ते ट्रोपोनिनसुद्धा अनेक निरोगी धावपटूंमध्ये एक-दोन दिवस वर दिसतं. नेहमीची तपासणी असेल तर दोन-तीन आठवडे थांबा, आणि डॉक्टरांना मॅरेथॉनची तारीख सांगा. पण छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, चक्कर येत असेल तर यातलं काहीही मनात आणू नका. त्या क्षणी दवाखाना.

तसंच लघवीचं. कोऱ्या चहासारख्या रंगाची होत असेल, आणि सोबत पाय प्रचंड दुखत, सुजत, लुळे पडत असतील, तर स्नायूंतून सुटलेली द्रव्यं मूत्रपिंडावर आली असण्याची शक्यता असते. अशा वेळी नारळपाणी पीत घरी बसायचं नसतं. याच कारणाने शर्यतीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खाऊ नयेत. अंगातलं पाणी आधीच कमी असतं, त्यात या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी आवळतात.

खाण्याबद्दल फार लिहायला नको. शर्यतीनंतर फक्त प्रोटीन पावडर पिऊन भात टाळणारे लोक आहेत. रिकामी झालेली स्नायूंमधली साखर भातानेच भरते, पावडरीने नाही. वरण-भात, अंडी, उसळ, पिठलं-भाकरी, आणि पहिले काही दिवस पोटभर.

उरला नातेवाइकांचा आवडता मुद्दा, ‘गुडघे जातील’. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या पाहणीत हौशी धावपटूंमध्ये गुडघ्याची वा खुब्याची झीज ३.५ टक्के लोकांत आढळली. न धावणाऱ्या, बैठ्या लोकांत १०.२ टक्के. स्पर्धेच्या पातळीवर वर्षानुवर्षं धावणाऱ्यांमध्ये ती १३.३ टक्के होती, हेही त्याच पाहणीत आहे, तेव्हा काकांना अगदीच उडवून लावू नका.

आणि मेडल खुंटीला लागल्यावर आठवड्याभराने एकदम रितं वाटतं, पहाटे जाग येते पण उठावंसं वाटत नाही, याला आळस म्हणू नये. सहा महिने ज्या तारखेभोवती घर फिरत होतं ती तारीख संपलेली असते. बहुतेकांचं ते काही आठवड्यांत निवळतं. लांबलं, झोप-भूक बिघडली, तर त्याबद्दलही डॉक्टरांशी बोलता येतं. उपाय म्हणून घाईघाईने पुढची शर्यत भरणं हा आपल्याकडचा आम रोग आहे.

भरली असेलच फेब्रुवारीतली, तर पैसे गेले असं समजू नका. बिब घ्या, टी-शर्ट घ्या, आणि त्या सकाळी पाण्याच्या टेबलामागे उभे राहा. तिथे ग्लास पुढे करणाऱ्या हातांची कायम टंचाई असते.