क कि कु के को

बंगळुरूच्या मराठी घरातलं मूल दोन वर्णमाला शिकत मोठं होतं. घरी आई पाटीवर ‘क ख ग घ’ गिरवून घेते, शाळेत मिस फळ्यावर कन्नड अक्षरं काढतात. वळणं निराळी: मराठी अक्षर शिरोरेषेखाली उभं, कन्नड अक्षर गोलगोल. तरी मूल गोंधळत नाही, कारण क्रम तोच. दोन्ही लिप्या ब्राह्मीच्याच लेकी, त्यामुळे याचं कुणाला फारसं नवलही वाटत नाही.

नवल वाटावं अशी गोष्ट याच शहरातल्या जपानी भाषेच्या वर्गात आहे. शहराबाहेर बिडदीला टोयोटा आणि किर्लोस्कर ही दोन नावं एकाच पाटीवर नांदतात आणि नोकरीसाठी जपानी शिकणारी तरुण मुलं इथे पुष्कळ. पहिल्या तासाला त्यांच्यापुढे अक्षरांचा तक्ता येतो. पहिली ओळ: अ, इ, उ, ए, ओ. दुसरी: क, कि, कु, के, को. म्हणजे आपली बाराखडीच, फक्त दीर्घ स्वर, ऐ-औ आणि अं-अः वगळून! पुढच्या ओळींची आद्याक्षरंही लावून बघा: स, त, न, ह, म, य, र, व.

या क्रमात दोन अक्षरं आपल्या कानाला खटकतात. ‘क’ नंतर ‘च’ यायला हवा, तिथे ‘स’ आहे. ‘न’ नंतर ‘प’ हवा, तिथे ‘ह’ आहे. बाकी सगळं जागच्या जागी. त वर्गाच्या शेवटी ‘न’, प वर्गाच्या शेवटी ‘म’, मग ‘य र ल व’. जपानीत ‘ल’ नाही, म्हणून तो गळला. ‘ट’ वर्ग नाही, महाप्राण नाहीत, तेही गळले.

मला सगळ्यात जास्त हरखून टाकतात ती हीच दोन चुकार अक्षरं, कारण ती चुकार नाहीतच. जपानीत ‘क’च्या अक्षराला दोन छोट्या रेघा जोडल्या की ‘ग’ होतो आणि ‘त’ला जोडल्या की ‘द’. कठोराचा मृदू, आपल्या वर्गातल्यासारखाच. मग ‘ह’ला जोडल्यावर काय होतं? ‘ब’! आणि रेघांऐवजी छोटं वर्तुळ काढलं की ‘प’. घशातल्या ‘ह’चा ओठांवरच्या ‘ब’शी काय संबंध? संबंध असा की हा ‘ह’ मुळात ‘प’ होता. तो आधी ओठांतून सुटणाऱ्या फुंकरीसारखा झाला आणि पुढे घशात गेला. उच्चार बदलला, जागा मात्र ‘प’चीच राहिली. ‘स’चंही तसंच. तक्ता तयार झाला तेव्हा त्याचा उच्चार ‘च’च्या जवळपासचा असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. जपानी जिभेनं हजार वर्षांपूर्वी काय उच्चारलं, त्याची खूण अशी आपल्या वर्णमालेच्या चौकटीत राहून गेली आहे.

आणि ही चौकट काही साधीसुधी नव्हे. कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ असा आवाज तोंडात मागून पुढे येतो, तसे आपले वर्ग लागतात. ‘क च ट त प’ सावकाश म्हणून बघा, जीभ स्वतःच वाट दाखवते. वेदपठणाचे उच्चार बिघडू नयेत म्हणून आपल्या व्याकरणकारांनी हे शास्त्र घडवलं.

ते समुद्रापार नेलं बौद्ध भिक्षूंनी. मंत्र आणि धारणी, म्हणजे पठणाची मंत्रवचनं, यांचं सामर्थ्य अर्थापेक्षा ध्वनीत मानलेलं. चिनी लिपीत मात्र सुट्या ध्वनीला अक्षरच नाही. मग मंत्र अचूक उतरवायचा कसा? उत्तर एकच, लिपीसकट न्यायचा. ती लिपी म्हणजे ब्राह्मीच्या वंशातली सिद्धम्. सातव्या शतकात भारतात राहिलेला चिनी भिक्षू इत्सिंग लिहितो की इथली मुलं सहाव्या वर्षी ‘सिद्धम्’ नावाच्या पहिल्या पाठानं शिकायला सुरुवात करतात आणि सहा महिन्यांत तो संपवतात. आपल्याकडे धूळपाटीवर पहिलं गिरवलं जायचं ते ‘ओनामासिधं’, म्हणजे ‘ॐ नमः सिद्धम्’. त्यातलंच ‘सिद्धम्’ जपानात ‘शित्तान’ झालं.

जपानच्या होर्युजी मंदिरात जपलेली दोन ताडपत्रं आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्यांवर संस्कृत हृदयसूत्र आहे, एक धारणी आहे आणि शेवटी चक्क वर्णमाला लिहिलेली आहे. सूत्र म्हणायचं तर आधी अक्षरं यायला हवीत, हे त्या लेखकाला ठाऊक होतं.

इ. स. ७३६ मध्ये बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू चीनमार्गे जपानला पोचला. परंपरा त्याला दक्षिण भारतातला मानते. ७५२ साली नारामधल्या तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाचे डोळे कुंचल्यानं उघडण्याचा मान त्याला मिळाला. त्या कुंचल्याला लांब दोरे बांधले होते आणि जमलेल्या लोकांनी ते हातात धरले होते. डोळा रंगवणारा हात एकाचा, पण पुण्याचा वाटा सगळ्यांना! तो कुंचला आणि निळा दोरा आजही नाराच्या शोसोइन भांडारात आहे. पुढे कुकाइ नावाचा जपानी भिक्षू चीनला गेला, प्रज्ञ नावाच्या पंडिताकडे संस्कृत शिकला आणि ८०६ साली सिद्धम् ग्रंथ घेऊन परतला. मग जपानी भिक्षू आपल्याच भाषेचे ध्वनी या चौकटीत मांडून बघू लागले. अकराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक तक्ता महामायूरी सूत्रावरच्या टीकेत सापडतो. हे सूत्र सर्पविष उतरवण्यासाठी म्हणत. त्या तक्त्यात स्वरांचा क्रम अजून विस्कळीत आहे. शतकाच्या अखेरीस म्योगाकु या सिद्धम्-अभ्यासकानं ‘अ इ उ ए ओ’ असा क्रम लावला. अठराव्या शतकात जिउन नावाच्या भिक्षूनं तर भारतात पाऊल न टाकता संस्कृतविद्येवर सुमारे हजार खंडांचा संग्रह रचला. ही निष्ठा पाहून मी थक्क होतो.

ही सिद्धम् लिपी तिथे आजही दिसते. जपानी स्मशानात थडग्यांमागे उंच लाकडी फळ्या उभ्या असतात, त्यांना ‘सोतोबा’ म्हणतात, म्हणजे स्तूप. त्यांवर सिद्धम् लिपीत खालून वर वाचावं तर अ, व, र, ह, ख: पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश.

मजा म्हणजे रोजच्या व्यवहारात जपान्यांनी कित्येक शतकं हा अक्षरांचा तक्ता वापरलाच नाही. अक्षरं लावायची ती ‘इरोहा’ या कवितेच्या क्रमानं, जिच्यात प्रत्येक अक्षर एकदाच येतं. तक्ता भिक्षू आणि पंडितांपुरता राहिला. १८८९ ते १८९१ दरम्यान ओत्सुकी फुमिहिको यांचा ‘गेंकाइ’ हा शब्दकोश निघाला, तो तक्त्याच्या क्रमानं लावलेला होता. पुढे कोशांत हाच क्रम रुळला. आज जपानी मोबाइलच्या आकड्यांच्या कळफलकावर १ म्हणजे अ, २ म्हणजे क, मग स, त, न, ह, म, य, ९ वर र आणि शून्यावर व.