अस्मान दाखवायचं म्हणजे आधी उलटवायचं

निवडणूक असो की क्रिकेट, कुणी हरलं की आपण 'अस्मान दाखवलं' म्हणून मोकळे होतो. बेळगाव भागात हा शब्द अजून मूळ घरी नांदतो. जत्रेतलं कुस्तीचं मैदान झालं की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत अमक्याने तमक्याला घिस्सा डावावर अस्मान दाखवलेलं असतं, आणि तिथे ते शब्दशः खरं असतं. हौदा उघड्यावर, त्यामुळे पाठ मातीला लागली की डोळ्यांपुढे थेट आभाळ. हा झाला चीत. तोंडघशी पडला तर पट, आणि पट पडलेला मल्ल हरलेला नसतो. खरी गंमत इथेच आहे.

उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या आसपास असतो. त्यातून सोडलेला ओळंबा दोन पावलांमधल्या जागेबाहेर गेला की तोल गेलाच. म्हणून तर पैलवान वाकून, पाय फाकवून उभा राहतो. पट पडल्यावर हाच गुरुत्वमध्य जमिनीपासून जेमतेम वीतभर उरतो आणि हातपाय पसरले की बैठक अंगभर रुंद होते. आता त्याला पाडणार कुठे? उलटवायचं तर अख्खं अंग एका कडेवर चढवून पलीकडे टाकायला हवं.

१९१० साली लंडनमध्ये गामा पैलवानाला हाच अनुभव आला. पोलंडचा झबिस्को खाली बसला तो जमीन धरूनच. सुमारे अडीच तास गामा त्याच्यावर स्वार होता, पण पाठ काही लागेना. कुस्ती बरोबरीत सुटली. १९२८ साली पतियाळात दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामाने मिनिटभराच्या आत निकाल लावला. जमीन धरायला वेळच दिला नाही!

घिस्सा हे या बैठकीवरचं उत्तर. मागून कब्जा घ्यायचा, मानेवर दाब ठेवून ते टोक मातीत रोवायचं आणि कमरेकडची बाजू उचलून फिरवायची. एक टोक पक्कं, जोर दुसऱ्या टोकाला: ही तरफच. भौतिकशास्त्रात या फिरवणाऱ्या परिणामाला बलाचा आघूर्ण म्हणतात. वस्ताद 'मान सोडू नको' एवढंच ओरडतो. खालचा मल्ल उठायला जोर लावतो तो क्षण सोन्याचा, कारण निम्मं उचलण्याचं काम तोच करून देतो.

चीतपटच हवी म्हटलं की वेळेला धरबंध राहत नाही. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये मार्टिन क्लाइन आणि आल्फ्रेड आसिकाइनेन ११ तास ४० मिनिटं झुंजले. क्लाइन जिंकला खरा, पण अंतिम लढतीला उभं राहण्याचं त्राण त्याच्यात उरलं नाही.

मॅटवरच्या आजच्या फ्रीस्टाइलने म्हणूनच गुणांची सोय केली. प्रतिस्पर्ध्याची पाठ मॅटकडे ९० अंशांच्या आत झुकवली की दोन गुण, आणि दहा गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच थांबते. म्हणजे अस्मानाचा एक कोपरा पुनःपुन्हा दाखवला तरी भागतं.