उभ्या मोटरीची निगा

दिवाळी अंकासाठी साखर कारखान्यावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं, तेव्हा गळीत हंगामाला अवकाश होता. ढोकीचा तेरणा, नळदुर्गचा तुळजाभवानी, रांजणीचा नॅचरल शुगर ही नावं धाराशिव जिल्ह्याला पाठ आहेत. सहकाराची उमेद, थकलेली कर्जं, फाटकाला लागलेलं टाळं, भाडेकरार हा इतिहासही पाठ आहे. तो सोडून मी जिल्ह्यातल्या एका कारखान्यात रमलो ते फायब्रायझरच्या मोटरीपाशी. ऊस मिलमध्ये शिरण्याआधी त्याचा भुगा करणारं हे यंत्र शेकडो किलोवॅटच्या मोटरीवर चालतं. तिचं बेअरिंग उघडून एक जुने फिटर बसले होते. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात.

काही मोठ्या मोटरींत बॉल किंवा रोलरचं बेअरिंग असतं. या मोटरीत गोळ्या नाहीत, रोलर नाहीत. लोखंडी कवचाच्या दोन अर्ध्या पाळ्या, आतून व्हाइट मेटलचा थर आणि त्यात फिरणारा शाफ्ट, एवढंच. कथील, अँटिमनी आणि तांबं यांचा हा मऊ मिश्रधातू अमेरिकेतल्या आयझॅक बॅबिट यांच्या 1839 च्या पेटंटपासून रूढ झाला. तो मऊ असतो तो मुद्दाम. तेलात कण आला तर तो या धातूत रुतावा, शाफ्टला चरा पडू नये. दीडशे मिलिमीटरच्या शाफ्टभोवती फट असते पाव मिलिमीटरपेक्षाही कमी.

शाफ्ट वेगात आला की तेल ओढून घेतो आणि त्याच तेलावर उचलला जातो. तेलाचा हा थर मिलिमीटरच्या दोन-चार शतांशांचा असतो, पण टनावारी भार पेलतो. इंग्लंडमध्ये बीचम टॉवर रेल्वेच्या आसांवर प्रयोग करत होते. 1883 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत एक विलक्षण निरीक्षण होतं. बेअरिंगच्या माथ्यावर पाडलेल्या भोकातून तेल उसळून वर येत होतं आणि तिथं ठोकलेलं लाकडी बूचही बाहेर ढकललं जात होतं. तेलात इतका दाब कुठून येतो, याचं गणित ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी 1886 मध्ये मांडलं.

तेल वर पोहोचवते ती ऑइल रिंग. शाफ्टवर सैल बांगडीसारखी लोंबणारी पितळी कडी, खालचा भाग तेलात बुडालेला. शाफ्ट फिरला की घर्षणानं तीही सावकाश फिरते आणि तेल वर आणते. पंप नाही, वेगळी वीज नाही. पण कडी जरा वाकडी झाली किंवा तिच्या जोडाचा स्क्रू ढिला झाला, की ती अडखळते आणि थोड्याच वेळात व्हाइट मेटल वितळू लागतं. म्हणून मिस्त्री प्रत्येक कडी सपाट प्लेटवर ठेवून पाहतात. तेलाची पातळी साइट ग्लासच्या खुणेपर्यंतच ठेवतात. कमी पडलं तर कडी कोरडी राहते. जास्त झालं तर तेल सीलमधून झिरपून वाइंडिंगवर जातं. जोडणीच्या वेळी ते रोटरची जागाही तपासतात. या बेअरिंगला शाफ्टच्या लांबीच्या दिशेचा रेटा सोसत नाही. मोटर एकटी चालवून रोटर जिथं स्थिरावतो ती खूण शाफ्टवर ओढायची आणि कपलिंग तिच्याशी जुळवूनच बसवायचं.

पाळीला निळा रंग लावून, शाफ्ट फिरवून, उमटलेले ठिपके ते हातानं स्क्रेप करत होते. कुठं किती दाबायचं हे त्यांचं मनगट ठरवत होतं. हे कौशल्य आज थोड्याच हातांत उरलं आहे.

“मोटर पळताना बिघडत न्हाई,” ते म्हणाले, “उभी ऱ्हाऊन बिघडती.”

कारण साधं आहे. मोटर थांबली की शाफ्ट धातूवर टेकतो, तेल निथळतं. पुढचा स्टार्ट कोरडा होतो आणि झीज होते ती त्या पहिल्या फेऱ्यांतच. कारखाना बंद असतो ते नेमके पावसाळ्याचे महिने. दमट हवेचं पाणी तेलात उतरतं, तेल दुधाळ होतं, शाफ्टवर गंज धरतो आणि तो खरबरीत शाफ्ट पहिल्याच दिवशी मऊ थर खरवडतो. उपायही साधा: तळाचं पाणी काढणं, शाफ्टवर तेल ओतून तो ठरावीक दिवसांनी हातानं फिरवणं, स्टार्टआधी पुन्हा तेल घालणं.

पण हे करायचं कुणी? तेलपाणी पाहणारा ऑइलमन बहुतेक हंगामी कामगार. गाळप संपलं की तो रिटेन्शन अलाउन्सवर, म्हणजे बंद काळातल्या अर्धवट पगारावर, घरी जातो. धाराशिवात तर पावसानं पाठ फिरवली की उसाअभावी हंगाम आक्रसतो. 2016 मध्ये शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या दुष्काळानंतर मराठवाड्यातले अनेक कारखाने पुढच्या हंगामात पेटलेच नाहीत. अशा वर्षी मोटर चार-सहा महिने नव्हे, दीड वर्ष उभी राहते. कर्जाखाली टाळं लागलेल्या कारखान्यात तर त्याहून जास्त. भाडेकरार होऊन फाटक उघडतं, बॉयलर पेटतो, पण मधल्या वर्षांत शाफ्ट कुणी फिरवला होता का, हे कुणीच विचारत नाही.

हंगामाच्या तोंडावर बेअरिंग गेलं तर नवं मेटल भरायला ते बाहेरच्या वर्कशॉपला धाडावं लागतं. तोवर गव्हाणीसमोर उसाच्या गाड्या उभ्या राहतात, तोडलेल्या उसातली साखर रोज घटते आणि तो तोटा शेवटी शेतकऱ्याच्याच माथी येतो. म्हणून प्रत्येक कारखान्यानं बंद काळातही किमान एक जाणता ऑइलमन पूर्ण पगारावर ठेवावा, त्याच्या हाताखाली एक तरुण द्यावा आणि फिरवलेल्या शाफ्टची नोंदवही संचालकांनी दर महिन्याला तपासावी. त्या ऑइलमनचा वर्षभराचा पगार एका बुडालेल्या आठवड्यापुढं काहीच नाही.