नाव काय गं तुझं?

मैत्रिणींनो, ही गोष्ट २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या आधीची. मतदार यादी तपासायला अंगणवाडीच्या ताईंबरोबर आम्ही तिघीचौघी घरोघर फिरत होतो. गल्लीच्या टोकाला एक आजी ज्वारी निवडत बसल्या होत्या.

"आजी, नाव काय तुमचं?"

"अगं, मी ह्याची आई." लेकाकडे बोट.

"ते झालं हो, तुमचं स्वतःचं?"

आजी हसल्या. "माहेरचं सांगू का सासरचं?"

आम्हीही हसलो खरं, पण मग कळलं की २०१९ च्या मतदानाला आजी केंद्रावरून परत आल्या होत्या. आधार कार्डावर माहेरचं नाव आणि यादीत सासरचं! आपल्याकडे लग्नात नवरा तांदळात अंगठीनं नाव लिहितो आणि पोरीनं त्या दिवसापासून त्याच नावाला ओ द्यायची. हौस म्हणून ठीक आहे. पण कागदावर ती दुसरीच बाई होऊन बसते, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

हे दुखणं आजचं नाही. आपली पहिली लोकसभा निवडणूक ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ अशी चालली. एकवीस वर्षांवरच्या सगळ्यांना मत. बाई-पुरुष, शिकलेला-अडाणी असा भेद नाही. पण याद्या करायला माणसं दारात गेली, तेव्हा कितीतरी बायकांनी आपलं नाव सांगितलंच नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' एवढंच! परक्या पुरुषाला नाव कसं सांगायचं? बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान, विंध्य प्रदेश या भागांत हे फार झालं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन मात्र हटून बसले. स्वतःचं नाव नसेल तर नोंद नाही. बिहारमध्ये नाव सांगायला महिनाभर मुदतही वाढवून दिली. तरीही सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ अठ्ठावीस लाख जणींची नावं यादीतून गेली.

मला पहिल्यांदा सेनांचा रागच आला होता. ज्या बाईला कधी कुणी नाव विचारलं नाही, तिलाच शिक्षा? पण 'अमक्याची बायको' अशी नोंद चालवून घेतली असती, तर पुढच्या यादीतही तीच राहिली असती, असंही वाटतं. अजून माझं मन एका बाजूला ठरत नाही.

असो. आजींसाठी आठ नंबरचा फॉर्म भरायला घेतला. लेक म्हणाला, "एका मतानं काय होतंय, कशाला धावपळ?" आजींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मला म्हणाल्या, "माझ्या आईनं ठेवलेलं घाल. कार्डावर तेच आहे." कागदांसाठी तहसीलला दोन खेपा झाल्या, एकदा तर जेवणाच्या सुट्टीत तासभर ताटकळलो, पण काम झालं.

मतदानाच्या दिवशी मी त्यांना केंद्राच्या दारापर्यंत सोडलं. आत पहिल्या टेबलावरचे साहेब मतदाराचं नाव मोठ्यानं वाचतात, म्हणजे पक्षांच्या प्रतिनिधींना ऐकू जावं. आजी बाहेर आल्या, शाई लावलेलं बोट पदराला लागू नये म्हणून उंच धरलेलं.

"अगं, केवढ्यानं वाचलं त्यानं! शाळेत हजेरी घ्यायचे ना, तसं. मी 'हजर' म्हणणार होते, तोंडावर हात ठेवला बघ."